उघड्या डोळ्यांची झोप

हुबळी रेल्वेस्थानकावरील एक फलाट १,५०७ मीटर लांबीचा आहे. जगातील सर्वांत लांब रेल्वे फलाट म्हणून गिनीज बुकने त्याची नोंद घेतली असून १२ मार्च २०२३ रोजी त्याचे लोकार्पण झाले. सामान घेऊन चालणाऱ्या प्रवाशाला या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला वीस मिनिटे तरी लागतील. ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी मात्र तेवढेच अंतर ५४ सेकंदांत कापते. इंजिनात बसलेल्या माणसाचे भान एक मिनिट सुटले, तर गाडी किती पुढे गेलेली असेल, याचा अंदाज या एका हिशेबावरून येतो.

हुबळी हे नैऋत्य रेल्वेचे मुख्यालय आहे. १ एप्रिल २००३ रोजी अस्तित्वात आलेल्या या विभागात हुबळी, बंगळूर आणि म्हैसूर असे तीन मंडल आहेत. हुबळी मंडलाचा पसारा लोंढा, कॅसलरॉक, कुळेमार्गे थेट वास्कोपर्यंत येतो. दूधसागरच्या पुलावरून जाणारी प्रवासी गाडी असो, वा मुरगाव बंदरातून कोळसा घेऊन घाट चढणारी मालगाडी. तिच्या सुरक्षिततेचा प्रश्न गोमंतकीयांसाठी परका नाही. रूळ, चाके आणि ब्रेक यांच्याइतकाच या सुरक्षिततेचा भार एका नाजूक इंद्रियावर असतो, तो म्हणजे चालकाचा मेंदू. हा मेंदू जागा कसा राहतो, लक्ष कसे देतो, केव्हा थकतो आणि थकल्याचे त्याला स्वतःला कळते काय, हे समजून घेणे म्हणूनच उपयोगाचे ठरते.

जागेपणा, अवधान आणि जाणीव

बोलण्याच्या ओघात आपण या तिन्ही शब्दांचा एकच अर्थ घेतो. मेंदूच्या दृष्टीने मात्र या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट जागेपणाची. मेंदूच्या तळाशी, पाठीच्या कण्याला जोडणाऱ्या भागात मेंदूस्तंभ असतो. तेथील चेतापेशींचे एक जाळे संपूर्ण मेंदूला जागे ठेवण्याचे काम करते. ज्युसेप्पे मोरुझ्झी आणि होरेस मॅगून या दोन संशोधकांनी १९४९ मध्ये प्रयोगांती हे दाखवून दिले. तोवर, इंद्रियांकडून संदेश येत राहतात म्हणून आपण जागे असतो, असा समज होता. जागेपणा ही मेंदूने स्वतः चालू ठेवलेली व्यवस्था आहे, हे या संशोधनातून पुढे आले.

दुसरी गोष्ट अवधानाची. डोळे आणि कान क्षणोक्षणी जी माहिती मेंदूकडे पाठवतात, तिच्यातील फार थोडी पुढे जाते. कोणती पुढे जाऊ द्यायची आणि कोणती अडवायची, ही निवड म्हणजे अवधान. पूर्ण जागा असलेला माणूसही समोरची गोष्ट चुकवू शकतो. डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री यांचा १९९९ मधील प्रयोग याबाबत प्रसिद्ध आहे. चेंडू किती वेळा एकमेकांकडे फेकला जातो हे मोजण्यात गुंतलेल्या प्रेक्षकांपैकी जवळपास निम्म्यांना, खेळाडूंच्या मधून चालत गेलेला गोरिलाचा वेष घातलेला माणूस दिसलाच नाही. त्यांचे डोळे उघडे होते, अवधान मात्र दुसरीकडे होते.

तिसरी गोष्ट जाणिवेची, म्हणजे जे दिसले ते 'मला दिसले' हे कळण्याची. हिरवा सिग्नल पाहून हात आपोआप हलतो. मात्र तो सिग्नल पाहिल्याची जाणीव नंतर उरेलच असे नाही. रोजच्या रस्त्यावरून घरी पोहोचल्यावर मधले वळण कधी आले ते आठवत नाही, हा अनुभव बहुतेकांना असतो. सरावाची कामे मेंदू जाणिवेला न विचारता उरकतो. एरवी ही सोयच आहे. पण नेहमी हिरवा असणारा सिग्नल एके रात्री लाल असतो, तेव्हा हीच सोय धोक्याची होते.

झोपेचे दोन हिशेब

माणसाला झोप केव्हा येते, याचे उत्तर दोन हिशेबांत दडलेले आहे. स्विस संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडलेली ही कल्पना आजही झोपेच्या अभ्यासाचा पाया मानली जाते.

पहिला हिशेब उधारीचा. आपण जागे झालो, की मेंदूत ॲडिनोसिन नावाचे द्रव्य साठू लागते. जागेपणाचे तास वाढतात तसे ते वाढत जाते आणि झोपेचा दाब निर्माण करते. झोपेत ही उधारी फिटते. चहा-कॉफीतील कॅफीन ॲडिनोसिनची जागा अडवून बसते, त्यामुळे दाब जाणवेनासा होतो. उधारी मात्र तशीच राहते. कॅफीनचा अंमल उतरला, की ती पुन्हा समोर उभी ठाकते.

दुसरा हिशेब घड्याळाचा. मेंदूच्या खोल भागात, दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या चेतातंतू जेथे एकमेकींना छेदतात त्याच्या वर, काही हजार पेशींचा एक बारीक पुंजका असतो. उजेड-अंधाराशी मेळ राखणारे शरीराचे घड्याळ ते हेच. मध्यरात्र उलटल्यावर हे घड्याळ शरीराचे तापमान उतरवत नेते आणि साधारण पहाटे दोन ते सहा या वेळात सावधपणा सर्वांत खाली येतो. दुपारी जेवणानंतर येणारी पेंगही काही अंशी याच घड्याळाची देणगी आहे.

दोन्ही हिशेब एकाच वेळी विरुद्ध जातात, तेव्हा संकट ओढवते. दिवसभर घरात जागून रात्री कामावर गेलेल्या माणसाची उधारी वाढलेली असते आणि पहाटे घड्याळही त्याच्या विरोधात असते. त्या वेळी मनोनिग्रह थोडाफार साथ देतो. पण मेंदूस्तंभातील पेशी निग्रहाच्या आज्ञेत नसतात.

घाट आणि माळ

कुळे ते कॅसलरॉक हा ब्रॅगांझा घाट सुमारे २६ किलोमीटरचा. दर ३७ मीटरला एक मीटर अशी त्याची चढण आहे. बोगदे, वळणे, धबधबे, पावसाळ्यातील दरडींची भीती असे सारे तेथे एकवटलेले आहे. गाड्यांना मागून रेटा देणारी जादा इंजिने लावावी लागतात. अशा जागी चालकाला झोप येण्याची शक्यता तुलनेने कमी, कारण धोका आणि बदल हेच मेंदूला जागे ठेवणारे खाद्य असते. मेंदूस्तंभातील एका निळसर ठिपक्यातून नॉरॲड्रेनलिन हे द्रव्य मेंदूभर पसरते. नवे काही घडले, की त्याचा पुरवठा वाढतो.

घाट संपून गाडी लोंढा, अळणावरमार्गे धारवाडकडे सरकते, तसा डोंगर मागे पडतो. हुबळीपलीकडे काळ्या मातीचा सपाट माळ सुरू होतो. रूळ सरळ, अंधार सारखा, चाकांचा ठोका एकसुरी. मेंदूची कसोटी लागते ती येथे. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यावर तासन्‌तास नजर ठेवणाऱ्या ब्रिटिश सैनिकांकडून खुणा का निसटतात, याचा अभ्यास नॉर्मन मॅकवर्थ यांनी केला. घड्याळाच्या काट्याची क्वचित होणारी दुहेरी उडी टिपण्याची चाचणी त्यांनी तयार केली. पहिल्या अर्ध्या तासातच चुका वाढू लागतात, असे त्यांना आढळले. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष पुढे अनेकदा पडताळला गेला. क्वचित घडणाऱ्या गोष्टीवर सतत लक्ष ठेवणे, हे मेंदूला सर्वांत अवघड जाणाऱ्या कामांपैकी एक आहे. बसून करायचे काम म्हणून ते हलके दिसते, एवढेच.

काही सेकंदांची अनुपस्थिती

थकलेल्या मेंदूवर झोप नेहमी सांगून येत नाही. काही सेकंदांपुरती ती येऊन जाते. तिला सूक्ष्मनिद्रा म्हणतात. या काळात डोळे अर्धवट किंवा क्वचित पूर्ण उघडे असू शकतात, हात दांड्यावर तसाच असतो. मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख मात्र झोपेचा असतो. त्या माणसाला नंतर विचारले, तर आपण झोपलोच नव्हतो असे तो प्रामाणिकपणे सांगतो. जाणीवच नव्हती, तर तिची आठवण कोठून राहणार?

२०११ मध्ये व्लादिस्लाव व्याझोव्स्की, जूलिओ तोनोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट उजेडात आणली. फार वेळ जागे ठेवलेल्या उंदरांच्या मेंदूतील काही पेशीसमूह, उंदीर जागे असून हालचाल करत असतानाही, क्षणभर बंद पडत होते. अशा वेळी उंदरांच्या हातून चुका होत. म्हणजे मेंदू संपूर्ण झोपण्याआधी तुकड्या-तुकड्यांनी झोपू लागतो. एखाद्या वाड्यात माणसे वावरत असताना मागच्या खोल्यांतील दिवे एकेक करून मालवत जावेत, तसा हा प्रकार.

ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी चार सेकंदांत ११० मीटरहून अधिक पुढे जाते. भरधाव एक्स्प्रेस थांबवायला मात्र किलोमीटरच्या घरात अंतर लागते. म्हणून चार सेकंदांची चूक पुढे सुधारता येईलच असे नसते.

२२ मे २०१२ च्या पहाटे, तीनच्या सुमारास, हुबळीहून बंगळूरला निघालेली हंपी एक्स्प्रेस आंध्र प्रदेशातील पेनुकोंडा स्थानकात उभ्या असलेल्या मालगाडीवर आदळली. पंचवीसच्या आसपास प्रवासी मृत्युमुखी पडले. गाडीने धोक्याचा सिग्नल ओलांडल्याचे रेल्वेने प्राथमिक माहितीत सांगितले. त्या एका घटनेतील दोषाचा निवाडा करणे हा या लेखाचा हेतू नाही. ती वेळ मात्र ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पहाटेच्या तीनला प्रत्येक मानवी मेंदूचे घड्याळ सर्वांत खालच्या पातळीकडे झुकलेले असते. अनुभवी माणसाचे आणि नवख्याचेही.

थकवा मोजणारेच इंद्रिय थकते

'मला सवय आहे', 'मी झेलू शकतो' ही वाक्ये रात्रपाळीच्या प्रत्येक ठिकाणी ऐकू येतात. बोलणारा खोटे बोलत नसतो. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निरोगी प्रौढांना दोन आठवडे रोज सहा तासच झोपू दिले. शेवटी त्यांची अवधानाची क्षमता, एक-दोन रात्री मुळीच न झोपलेल्या माणसाएवढी घसरली होती. पण आपल्याला किती झोप येते आहे, याविषयीचे त्यांचे स्वतःचे मत पहिल्या काही दिवसांनंतर फारसे बदलले नाही. क्षमता खाली जात राहिली आणि भान मात्र 'ठीक आहे' असेच सांगत राहिले.

ऑस्ट्रेलियातील ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी १९९७ मध्ये जागरण आणि मद्य यांची तुलना केली. सलग १७ तास जागलेल्या माणसाची कामगिरी, रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी खालावते, असे त्यांना आढळले. आपल्याकडे मोटर वाहन कायद्यानुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्य आढळल्यास तो गुन्हा ठरतो, म्हणजे मर्यादा ०.०३ टक्के. सकाळी सहाला उठून रात्री अकरानंतर गाडी हाकणारा, मद्याचा थेंबही न घेतलेला माणूस या मोजपट्टीवर कायद्याच्या मर्यादेपलीकडे जातो. त्याला पकडणारे यंत्र मात्र नाही.

मद्यपी माणूस आपण ठीक आहोत असे म्हणतो, तेव्हा आपण त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. झोपेच्या बाबतीत मात्र आपण स्वतःच्याच शब्दावर विसंबतो. ज्या मेंदूने थकव्याची नोंद घ्यायची, तोच थकलेला असतो. म्हणून जागेपणाची राखण ज्याच्या त्याच्या इच्छाशक्तीवर सोडून चालत नाही. ती बाहेरून, नियमाने आणि सोबतीने करावी लागते.

रेल्वेने घातलेले कुंपण

रेल्वेने ही गोष्ट अनुभवातून ओळखली आहे. इंजिनात लोको पायलटसोबत सहायक लोको पायलट असतो. समोर दिसणारा सिग्नल एकाने मोठ्याने उच्चारायचा आणि दुसऱ्याने तो पाहून पुन्हा उच्चारायचा, अशी पद्धत आहे. बाहेरच्याला ती औपचारिकता वाटेल. पण उच्चारलेला शब्द डोळ्यांना दिसलेले जाणिवेपर्यंत खेचून आणतो.

दुसरे कुंपण यंत्राचे. चालकाची दक्षता तपासणारे उपकरण इंजिनात बसवलेले असते. साधारण एक मिनिटभर चालकाने वेग, ब्रेक, भोंगा यांपैकी कशालाही हात लावला नाही, तर दिवा लुकलुकू लागतो. त्याकडे आठेक सेकंद दुर्लक्ष झाले, की इशाऱ्याचा आवाज सुरू होतो. आणखी आठेक सेकंद प्रतिसाद आला नाही, तर ब्रेक आपोआप लागतात. या यंत्रालाही मर्यादा आहे. बटण दाबण्याची क्रिया एकदा अंगवळणी पडली, की पेंगुळलेला मेंदूही ती उरकू शकतो. यंत्र हाताची हालचाल ओळखते, जाणीव ओळखत नाही. सिग्नल ओलांडला जात असल्यास गाडी स्वतःहून रोखणाऱ्या 'कवच' या देशी प्रणालीचे महत्त्व यासाठीच आहे.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे कुंपण विश्रांतीचे. रेल्वे कर्मचाऱ्यांच्या कामाचे तास आणि विश्रांती यांविषयीचे २००५ चे नियम आहेत. गाडीवरील कर्मचाऱ्यांना महिन्यातून किमान २२ तासांच्या पाच किंवा ३० तासांच्या चार नियतकालिक विश्रांती मिळाल्या पाहिजेत, असे ते सांगतात. या प्रत्येक विश्रांतीत एक पूर्ण रात्र अंथरुणावर गेली पाहिजे, ही त्यातील अट विशेष लक्षणीय आहे. दिवसाची झोप आणि रात्रीची झोप तासांनी सारखी असली, तरी मोलाने सारखी नसते, हे शरीराच्या घड्याळाचे सत्य या अटीत उतरले आहे. सलग दोनपेक्षा अधिक रात्री कामावर पाठवू नये, ही लोको पायलटांच्या संघटनांची जुनी मागणीही याच सत्यावर बोट ठेवते. भरतीअभावी रिक्त राहिलेले पद म्हणजे कोणाच्या तरी झोपेतून कापलेला तास असतो.

रस्त्यावर कुंपण कोठे?

रेल्वेचे हे कुंपण अपुरे असेल, पण ते आहे. बेळगाव-हुबळीकडून चोर्ला वा अनमोड घाटाने रात्री गोव्यात उतरणाऱ्या भाजीच्या टेम्पोत ना दक्षता-यंत्र असते, ना सिग्नल उच्चारणारा जोडीदार. २०२५ पर्यंत लागू असलेला १९६१ चा मोटर वाहतूक कामगार कायदा दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घालत असे. सलग पाच तास कामानंतर अर्धा तास विश्रांतीही सांगत असे. मात्र पहाटेच्या बाजाराची वेळ गाठायची असे, तेव्हा हा कायदा केबिनपर्यंत पोहोचत नसे.

खासगी वाहनधारकाला तर तेवढेही बंधन नाही. आपल्याकडे जत्रेच्या रात्री दशावतार किंवा नाटक पहाटेपर्यंत रंगते. कुंदगोळ-धारवाडच्या परिसराने रात्रभर चालणाऱ्या गायनाच्या मैफली अनुभवल्या आहेत. मैफलीत वा नाटकात मेंदूला सतत नवे काही मिळत असते, भोवती माणसे असतात, त्यामुळे झोपेचा दाब जाणवत नाही. भैरवी संपते, पडदा पडतो आणि दाबून ठेवलेली सारी उधारी एकदम अंगावर येते. नेमक्या त्याच क्षणी दुचाकी सुरू करून माणूस निर्मनुष्य रस्त्याला लागतो. रात्रभर ताजेतवाने वाटणे हा पुढच्या अर्ध्या तासाचा पुरावा नव्हे.

विश्रांतीचे साधे नियम

खिडकी उघडणे, गाणी मोठ्याने लावणे, तोंडावर पाणी मारणे यांचा परिणाम थोडा वेळ टिकतो. झोपेची उधारी फक्त झोपेनेच फिटते. अमेरिकेच्या नासा संस्थेने लांब पल्ल्याच्या वैमानिकांना उड्डाणादरम्यान ४० मिनिटांची सवड देऊन पाहिली. ते सरासरी २६ मिनिटे झोपले आणि नंतरचा त्यांचा सावधपणा स्पष्टपणे सुधारला. म्हणून डोळे जड होताच गाडी सुरक्षित जागी थांबवून वीसेक मिनिटे झोपणे, हा सर्वांत भरवशाचा उपाय आहे. झोपण्यापूर्वी कॉफी घेतली, तर जाग येईपर्यंत तिचा अंमल सुरू होतो. उठल्याबरोबर मात्र गाडी हाकू नये. झोपेची गुंगी उतरायला पंधरा-वीस मिनिटे, गाढ झोपेतून उठल्यास त्याहूनही अधिक वेळ लागतो.

मागचा मैल आठवत नसेल, वाहन मार्गिकेबाहेर सरकत असेल, वरचेवर जांभया येत असतील, तर या खुणा सूचनेच्या नव्हेत. धोका सुरू झाल्याच्या आहेत. पुरेशी झोप घेऊनही दिवसा पेंग येत असेल आणि रात्री घोरण्यासोबत श्वास अडखळत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. झोपेतील श्वासरोधाचा हा विकार उपचारांनी आटोक्यात येतो.

मेंदू शरीराच्या वजनाच्या अवघा दोन टक्के; पण विसाव्यात असलेल्या शरीराच्या ऊर्जेपैकी सुमारे वीस टक्के तो वापरतो. आपण काही करत नसतो तेव्हाही त्याचा खर्च फारसा उतरत नाही. विश्रांती म्हणजे त्याचे काम थांबणे नव्हे, तर पुढच्या कामाची तयारी होणे. हुबळीच्या रनिंग रूममध्ये दिवसा पडदे ओढून झोपलेला लोको पायलट त्या वेळी आळसात नसतो. रात्री कॅसलरॉकचा घाट उतरणाऱ्या प्रवाशांच्या सुरक्षिततेची सुरुवात तेथूनच झालेली असते.